मानकरबाईंचे पाच देव

मानकरबाईंवर मी कधी पुरता विश्वास ठेवला नाही, आणि त्यांनीही माझ्यावर ठेवला नाही. म्हणूनच आमचा शेजार चौतीस वर्षं टिकला. गळ्यात गळे घालणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या. दोन वर्षांत त्या एकमेकींच्या दारावरून तोंड फिरवून जायला लागतात. आम्ही दोघी पहिल्या दिवसापासून एकमेकींकडे नीट पाहत होतो.

त्या गेल्या त्याला दीड वर्ष झालं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमत नाही, आणि मानकरबाईंना ते चाललंही नसतं. कोणी त्यांचं कौतुक केलं की त्या विचारायच्या, "काहून? काय पाहिजे तिला?"

त्या ठेंगण्या होत्या, रुंद होत्या, आणि चालताना वाजायच्या. कमरेला आकड्यात अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा होता. मुलींच्या एका वसतिगृहात त्यांनी अठ्ठावीस वर्षं कोठी सांभाळली होती. गहू, तांदूळ, तेल, साखर सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. नोकरी संपली तेव्हा कोठीच्या किल्ल्या परत दिल्या, पण कमरेचा आकडा काही काढला नाही. त्यात घरच्या किल्ल्या अडकवल्या. घराच्या खोल्या दोन आणि किल्ल्या नऊ. कुलूप लावलं की दोनदा ओढून पाहायच्या, चार पावलं जायच्या, आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढायच्या.

"कोठीत दोनच जातीची माणसं येतात," त्या म्हणायच्या. "एक चोरणारी आणि एक अजून न चोरलेली."

"आणि मी कोणती?" मी एकदा विचारलं.

"तू माझ्या कोठीत कुठं आली अजून?" त्या म्हणाल्या.

खरंच, मला स्वयंपाकघरात येऊ द्यायला त्यांनी सात वर्षं लावली.

भाजीवाल्याकडून घेतलेली भाजी त्या घरी येऊन हुकाच्या काट्यावर पुन्हा तोलायच्या. दुधाच्या पातेल्यात बोट बुडवून खूण धरायच्या. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नाव कोरलेलं, सु. मा. म्हणजे सुशीला मानकर. पळीला, झाऱ्याला, पाटाच्या खालच्या बाजूला, इतकंच काय, खलबत्त्यालासुद्धा. हळदीकुंकवाला गेल्यावर मिळालेलं वाण त्या आधी उलटं करून पाहायच्या, कोणाचं दुसऱ्या कोणाला तर फिरवलं नाही ना म्हणून. आणि पुष्कळदा ते फिरवलेलंच निघायचं. मग ते त्या मोठ्यानं सांगायच्या. त्यामुळे त्यांना हळदीकुंकवाला बोलावणारी घरं कमी होत गेली.

मी लग्नानंतर बारा वर्षांनी त्या गल्लीत आले. यजमान कारखान्यात फिटर होते, दर महिन्याला थोडं थोडं करून जबलपूरला गढ्याच्या बाजूला त्यांनी घर बांधलं होतं. पहिल्याच आठवड्यात साखर संपली. मी वाटी घेऊन शेजारी गेले.

मानकरबाईंनी दार अर्धं उघडलं. "साखर? नाही देत."

"नसली तर राहू द्या," मी म्हणाले.

"नाही असं नाही. आहे. पण देत नाही. उसनं देणं म्हणजे भांडण विकत घेणं. तू उद्या विसरशील, मी विसरणार नाही, अन् परवापासून तुझं तोंड पाहिलं की मला साखर दिसेल." मग चपला घातल्या, कुलूप तीनदा ओढलं आणि मला दुकानापर्यंत घेऊन गेल्या. कोणत्या दुकानाचा काटा खरा, कोणाच्या डाळीत खडे, कोण भिजवलेली चिंच विकतो, सगळं वाटेत सांगितलं. मला त्या दिवशी राग आला होता. पण त्या दुकानावरून मी चौतीस वर्षं साखर आणली.

संशय घ्यायची त्यांची रीत होती. उगीच नाही घ्यायच्या त्या. समोरच्याला बोलू द्यायच्या आणि भलताच बारीक प्रश्न विचारायच्या. एकदा मी त्यांच्या ओट्यावर बसले होते आणि त्यांना फोन आला. आता हे फोन सगळ्यांनाच येतात. कोणी म्हणाला, "अम्मा, बैंक से बोल रहा हूँ, आपका खाता बंद होने वाला है."

मी घाबरले. मानकरबाई म्हणाल्या, "अच्छा. बैंक में ही बैठे हो?"

"जी अम्मा."

"खिड़की के पास?"

"जी... हाँ जी."

"बाहर क्या दिख रहा है?"

तिकडून त्यानं फोन ठेवला. बाई मला म्हणाल्या, "रोज बसणाऱ्या माणसाला खिडकीबाहेर काय दिसते ते पाठ असते. याला खिडकीच नव्हती."

पण असा स्वभाव माणसाला नेहमी बरोबर ठरवत नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्याकडे रामकली धुणंभांडी करायची. एकदा चांदीचा एक पैंजण दिसेना. बाईंनी रामकलीला सरळ विचारलं, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. ती रडत निघून गेली. दोन महिन्यांनी तांदळाच्या पिंपात तळाशी पैंजण सापडला. बाईंनीच कधीतरी लपवून ठेवला होता. मला वाटलं, आता गुपचूप कपाटात टाकतील. त्या ऊन उतरायची वाट न पाहता रामकलीच्या घरी गेल्या, मला बरोबर घेऊन. दारातच म्हणाल्या, "मेरे चावल में था. मैंने झूठा इल्जाम लगाया." गल्लीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. आणि दोन्ही पैंजण तिच्या हातावर ठेवले. रामकली नको नको म्हणाली. "एक का क्या करेगी? दोनों रख," बाई म्हणाल्या आणि वळल्या. माफी मागितली नाही. रामकली दुसऱ्या दिवशी कामावर आली. बाईंनी तिच्यासमोर भांडी मोजून घेतली, रोजच्यासारखी.

अशी ही बाई. आता घराचं सांगते.

यजमान गेल्यावर मी सहा वर्षं त्या घरात एकटी राहिले. थोरला नागपूरला, धाकटा पुण्याला. दोघं म्हणायचे, आई, घर विकू, तू आमच्याकडे ये. सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. मी म्हणाले, मी जेवणाचा डबा नाही, इकडून तिकडे पाठवायला. घर विका, पण माझ्या वाट्यातून मला इथेच विजय नगरला खालच्या मजल्यावरची एक खोली घेऊन द्या. कडी माझ्या हातात पाहिजे. मुलांनी आपापले आकडे आधीच सांगून टाकले होते, दोघांनी त्या जोरावर तिकडे घरांची बोलणी केली होती. मी मोठेपणानं म्हणून बसले, "तुमचं तुम्ही घ्या, उरेल ते माझं." उरणार होतं ते त्या खोलीपुरतं बरोबर होतं. एक पैसा इकडे तिकडे नाही.

गिऱ्हाईक मिळालं साहूजी म्हणून. कमानिया गेटजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान. पन्नाशीचे, गोड बोलणारे, दर वाक्याला "माताजी". भाव ठरला, त्यांनी बयाना म्हणजे इसार दिला, कागद लिहिला, मी पेढा दिला. दिवाळीच्या आधी रजिस्ट्री करायची असं ठरलं.

आणि दसरा झाल्यावर एका दुपारी ते एकटेच आले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "माताजी, बुरा मत मानना. मिस्त्री को दिखाया था. पीछे की दीवार में दरार है, सीलन है, गली भी सँकरी है. तीन लाख कम करने पड़ेंगे."

चीर, ओल आणि अरुंद गल्लीचे तीन लाख. म्हणजे माझी खोली गेली. म्हणजे सहा महिने नागपूर आणि सहा महिने पुणे, सुनांच्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे असतो ते विचारत.

मी म्हणाले, मुलांना विचारते. ते "आराम से, आराम से" म्हणत गेले. त्यांच्या आवाजात मला ती घाई जाणवली नाही जी दोन महिन्यांपूर्वी होती. माणूस निवांत केव्हा होतो? दुसऱ्याची अडचण कळली की. माझी अडचण यांना कोणी सांगितली?

मला उत्तर लगेच सापडलं. आदल्या दिवशी साहूजी गल्लीत आले होते, आणि मी खिडकीतून पाहिलं होतं, मानकरबाई फाटकाशी उभ्या राहून त्यांच्याशी बोलत होत्या. चांगली पाच-सात मिनिटं. माझ्या खोलीचं, माझ्या वाट्याचं सगळं बाईंना माहीत होतं. त्यांचा एक पुतण्या अमरावतीला होता, त्याला जबलपूरला बदली हवी होती. सौदा मोडला तर घर स्वस्तात कोणाला मिळेल, हे मी मनात जुळवून टाकलं. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गेले आणि ओट्यावरूनच विचारलं, "बाई, तुम्ही साहूला काय सांगितलं?"

दुसरी कोणी असती तर रडली असती किंवा भांडली असती. मानकरबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "बरं विचारलं. मी असती तर दोन दिवस आधी विचारलं असतं. ये आत."

"आधी सांगा."

"मी त्याला विचारलं, दुकान कुठं आहे. माझ्या भिंतीला भिंत लावून कोण राहायला येऊन राहिलं, ते मला पाहायला पाहिजे न? त्याचा भाव पडला का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू दोन दिवस माझ्याकडे चोरासारखं पाहून राहिली. किती पाडला?"

मी सांगितलं. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. वसतिगृहात तेल कमी भरलं की त्या अशाच विचारत असणार.

"तो कितीदा आला?"

"चारदा."

"बायको?"

"दोनदा. एकदा बयान्याच्या आधी. अन् एकदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पडद्यांचं माप घ्यायला."

"पडद्यांचं माप घेतलं, म्हणजे घर तर घ्यायचं आहे. चीर तिला आधी दिसली होती?"

"आधी पण दिसली. तेव्हा म्हणाली, पुताई में दब जाएगा, रंग दिला की दिसणार नाही."

"मग चिरेचं नाव आहे फक्त. त्या दिवशी तिनं दुसरं काहीतरी पाहिलं. कुठं कुठं फिरली?"

"बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर. कोनाड्यापाशी उभी राहिली, हात जोडले."

"कोणाला?"

आमच्या स्वयंपाकघरात पूर्वेच्या भिंतीत देवांचा कोनाडा होता. पण त्यात देव नव्हते. घरचे देव थोरल्याकडे जातात ही आमच्याकडची रीत. थोरला गणपतीत गाडी घेऊन आला होता. सून म्हणाली, आई, आत्ताच नेतो, नंतर पितृपक्ष लागेल. मीही म्हणाले, ने. मागे राहिला होता तो दिव्याचा काळा डाग आणि कुंकवाचे ओघळ.

"तिनं विचारलं असंन," बाई म्हणाल्या.

"विचारलं. भगवान कहाँ गए म्हणाली."

"अन् तू काय बोलली?"

"बोलली की बड़े के घर गए. अब हमारा यहाँ क्या रहा."

मानकरबाईंनी कपाळावर हात मारला नाही. मला वाटलं होतं मारतील. त्या नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या, जशा त्या रिकाम्या पिंपाकडे पाहायच्या.

"कमल, देव घरातून निघाले म्हणजे तू निघाली. बामण, बनिया, साहू, कोणतीही बाई असो, तिला हे समजते. निघालेल्या बाईला कोणी पुरा भाव देते का? चीर भिंतीत नाही. कोनाड्यात आहे."

मी मनातून चरफडले. पण ते खरं होतं. माझी अडचण दुसऱ्या कोणी विकली नव्हती. मीच फुकट देऊन बसले होते, आणि वर पेढा.

"बयाना खर्च केला?" त्यांनी विचारलं.

"नाही. पाकीट तसंच आहे."

"हे एक शहाणपण केलं. चलो. कोणाला काही सांगू नको. मुलांनापण नाही. मुलं घाबरून हो म्हणतील."

दुसऱ्या दिवशी त्या एक नवा तांब्या पिशवीत घालून ऑटोनं कमानिया गेटला गेल्या. नाव कोरायला. आमच्या गल्लीपासून इकडे तिकडे तीन ठिकाणी नाव कोरून मिळतं, पण त्या साहूजींच्या दुकानात गेल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा तांब्याच्या बुडाला सु. मा. होतं आणि बाईंच्या तोंडावर काहीच नव्हतं. आत येऊन, दार लावून मग बोलल्या.

"अर्धा तास बसवलं त्यानं, गर्दी होती. गल्ल्याजवळ पत्रिकांचा ढीग. मुनीम नावं टाकून राहिला होता. गृहप्रवेश, देवउठनी ग्यारसला, म्हणजे कार्तिकी एकादशीला. मी उलट्या बाजूनं वाचलं."

"कोणत्या घराचा गृहप्रवेश?"

"पत्ता तुझा छापला आहे, कमल."

"भावाभावांची वाटणी झाली आहे," बाई म्हणाल्या. "त्याला ग्यारसच्या आधी निघायचं आहे. त्याच्या दुकानात बसलेल्या एका बाईनंच सांगितलं. म्हणजे त्याचेपण देव उठलेच आहेत. फक्त त्यांना बसायचा कोनाडा तुझ्या घरात आहे. अन् तो तुला चीर दाखवून राहिला."

"मग मी त्याला पत्रिकेचं बोलते. कसं कळलं म्हणते—"

"बोलायचं नाही. बोललं की माणूस अकडतो. मग नुकसान झालं तरी मागे हटत नाही. त्याला फक्त हे दिसलं पाहिजे की तू निघाली नाहीस. तोंडानं नाही सांगायचं. तोंडानंच तर तू घर उघडं केलं."

"आता देव कुठून आणू? थोरल्याला सांगितलं तर तो विचारेल, काय झालं."

त्या उठून घरी गेल्या.

साहूजींना मी रविवारी चार वाजता बोलावलं होतं, "बाईलापण आणा" म्हणून. दोनच्या सुमारास मानकरबाई आल्या. हातात ताम्हण, त्यावर पदर. स्वयंपाकघरात गेल्या, कोनाडा ओल्या फडक्यानं पुसला, आत लाल कापड टाकलं, आणि एकेक देव ठेवला. गणपती, बाळकृष्ण, महादेवाची पिंड, खंडोबाचा टाक, आणि वाटीत तांदळावर अन्नपूर्णा. पाच.

चौतीस वर्षांत ज्या बाईनं मला वाटीभर साखर दिली नव्हती, तिनं देव आणले होते.

मी काय करावं? पाया पडावं? मला आधी संशय आला. "बाई, यात तुमचं काय?" मी विचारलं.

"आहे न," त्या दिवा लावत म्हणाल्या. "जो माणूस बोल फिरवून घर घेतो तो पुढच्या वर्षी भिंत सरकवतो. तो माझ्या शेजारी येऊन राहिला. सरळ आत यावा अशी माझी इच्छा. तुझ्यासाठी करून राहिली असं समजू नको."

मला ते पटलं. तेच कारण असेल असं मी धरून चालले.

मग त्यांनी बयान्याचं पाकीट मागितलं आणि गणपतीच्या पायाशी ठेवलं, असं की कोपरा बाहेर दिसावा, परत द्यायला काढल्यासारखा. "तू एकच वाक्य बोलायचं. जो ठहरा था, वही ठहरा है. दुसरं तोंडातून काढलं तर मी देव उचलून जाईन. अन् चहा ठेवायचा नाही. चहा सौद्यानंतर. आधी चहा पाजला की माणसाला वाटते आपण पाहुणे आहो, अन् पाहुण्याला नाही म्हणता येत नाही."

चार वाजता नवराबायको आले. बाई मधल्या खोलीत भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. साहूजींनी पुन्हा चीर काढली. बाईंनी वर न पाहता विचारलं, "और?"

"सीलन है, अम्माजी."

"और?"

"गली सँकरी है, गाड़ी नहीं मुड़ती."

"और?"

"नाली का ढलान भी उलटा है."

"और कुछ?"

सूप एकदा पाखडून बाई म्हणाल्या, "भैया, ये सब पेड़ा खाते समय भी था."

ते हसले, माझ्याकडे वळले. "माताजी, आप बताइए. चलो, बीच का कर लेते हैं. डेढ़ लाख."

माझ्या जिभेवर "ठीक है" आलं होतं, हे कबूल करते. दीड लाख कुठून तरी आणता येतील, बांगड्या आहेत, असं मनात येऊन गेलं. तेवढ्यात साहूजींची बायको पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि थांबली. दिवा जळत होता.

"भगवान आ गए?" ती म्हणाली.

"हाँ, आ गए," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

ती आत गेली. पाकिटाचा कोपरा तिनं पाहिला, मी तिच्या मानेवरून ओळखलं. मग तिनं हात पुढे केला, अन्नपूर्णेकडे, उचलून कपाळाला लावायला. आणि मला एकदम आठवलं. मानकरबाईंच्या घरातली एकही वस्तू अशी नव्हती जिच्या बुडाला ती दोन अक्षरं नव्हती.

"हाथ धो के, बहू," मागून आवाज आला. बाई सूप ठेवून कधी उठल्या ते मला कळलं नाही. "हमारे यहाँ अन्नपूर्णा को ऐसे नहीं उठाते."

ती ओशाळली, लांबूनच हात जोडले आणि बाहेर येऊन नवऱ्याच्या कानाशी बोलली. हळू बोलली, पण खोली लहान होती. "ये कहीं नहीं जा रहीं. और कार्ड बँट गए हैं जी."

साहूजी तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे.

"जो ठहरा था, वही ठहरा है," मी म्हणाले.

रस्त्यावरून भंगारवाला गेला, त्याची हाक पूर्ण ऐकू आली. मग साहूजींनी गुडघ्यांवर हात आपटले. "ठीक है माताजी. आपसे कौन जीतेगा. दिवाली के पहले रजिस्ट्री."

मानकरबाई सूप उचलत म्हणाल्या, "आता चहा ठेव, कमल. साखर आहे न घरात?"

ते लोक गेल्यावर त्यांनी दिवा आपोआप विझेपर्यंत वाट पाहिली. मग एकेक देव उचलून उलटा केला, बुडाला पाहिलं, ताम्हणात ठेवला. माझ्यासमोर, माझ्या स्वयंपाकघरात, जसं मी एखादा बदलून घेईन. "पाच," त्या म्हणाल्या, पदर टाकला, आणि गेल्या. मी "उपकार झाले" म्हणणार होते. तोंडातलं तोंडात राहिलं, आणि ते बरंच झालं. त्यांनी विचारलं असतं, काहून, काय पाहिजे तुला?

रजिस्ट्री झाली. दिवाळीनंतर लगेच मी निघाले. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा गल्लीतल्या बाया आल्या, दोघीतिघी रडल्या. मानकरबाई आपल्या फाटकात उभ्या होत्या, पुढे आल्या नाहीत. बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. टेम्पो सुरू झाला तशी त्यांनी हाक मारली, "एकवीस नग आहेत! तिकडे उतरवताना एकवीस मोजून घे! टेम्पोवाल्याचा भरोसा नाही!"

मी मागे वळून पाहिलं. त्यांनी फाटक लावलं, कुलूप दोनदा ओढलं, चार पावलं गेल्या आणि परत आल्या. तिसऱ्यांदा ओढताना मी पाहिलं आणि टेम्पो वळला. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

विजय नगरला सामान उतरवलं, मी दारात उभी राहून मोजलं. बावीस निघाले. टेम्पोवाल्याला थांबवून पुन्हा मोजलं, बावीसच. गाठोड्यांच्या मध्ये एक पितळी डबा होता, फडक्यात बांधलेला. मी उघडला. तांदळात अन्नपूर्णा बसली होती.

आमच्यात अन्नपूर्णा आई देते, मुलगी सासरी निघाली की. मला माझ्या आईनं दिलेली थोरल्याकडे गेली. मानकरबाईंना मूल नव्हतं.

मी फोन लावला. "बाई, बावीस निघाले."

"एकवीस होते. मी मोजले."

"बावीस आहेत. दोनदा मोजले."

"तुला काय मोजता येते? चौथी शिकलेली तू."

"डब्याच्या बुडाला सु. मा. आहे."

तिकडून किल्ल्या वाजल्याचा आवाज आला.

"मग कोणी उसनं नेलं असंन," त्या म्हणाल्या.

"परत कधी आणून देऊ?"

"ऑटोचे पैसे घालून कशाला येशील? तिच्याखालचे तांदूळ दर शुक्रवारी बदलत जा. नाही तर किडे पडतात." आणि फोन ठेवला.

नव्या घरात कोनाडा नव्हता. मी ओट्याच्या कोपऱ्यावर पाट मांडला, लाल कापड टाकलं, वाटीत नवे तांदूळ घातले. अन्नपूर्णा उलटी करून अक्षरं पाहिली, पुन्हा सरळ केली, आणि बसवली. दाराची कडी लावली. दोनदा ओढून पाहिली.

सकाळी उठल्यावर चहाच्या आधी स्वयंपाकघरात गेले आणि पाहिलं, आहे का.